शाळा सोडल्याचे कारण

हॉकीत अकराजणी खेळतात, हे आमच्या शाळेच्या शिपायालाही ठाऊक होतं. पण स्पर्धेला यादी जाते ती अठरा नावांची, आणि माझ्या नोकरीतली निम्मी भांडणं त्या वरच्या सात नावांवरून झाली. कुणाची आई यायची, कुणाचा मामा यायचा. एकदा संस्थेच्या एका संचालकांची भाची अठरावी घ्यावी लागली. चेंडू दिसला की डोळे मिटायची बिचारी. तिला मी पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बसवलं. तिच्याच लग्नाची पत्रिका सगळ्यांत आधी आली, हेही सांगून टाकते.

देवळाली प्रवराच्या बाजूला उसाच्या पट्ट्यातल्या एका शाळेत मी खेळ शिकवत आयुष्य काढलं. माझे वडील नगरच्या मिशन शाळेत मास्तर होते, ते स्वतः हॉकी खेळत. स्टिक घरात केरसुणीशेजारी उभी असायची. त्यामुळे खो-खो, कबड्डी सोडून मी, म्हणजे साळवे बाईंनी, मुरमाच्या मैदानावर पोरींना हॉकी का शिकवली, याचं आश्चर्य मला कधी वाटलं नाही, गावाला मात्र फार वाटायचं. ‘बाई, पोरींच्या हातात दांडकी कशाला देता? सासरी गेल्यावर वापरतील,’ असं एक पालक म्हणाले होते. मी म्हटलं, ‘मग तर दोन-दोन देते.’

दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘मैदानावरचे विजय’ लिहा म्हणून सांगितलं. विजय आहेत, चारदोन. पण मी लिहिणार आहे एका यादीबद्दल आणि एका दाखल्याबद्दल. का, ते शेवटी कळेल. लिहायला लाज वाटते आहे, पण न लिहून भागणार नाही.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा कळावा म्हणून थोडं सांगते. शालेय स्पर्धेचा नियम साधा आहे. ज्या शाळेच्या पटावर मुलीचं नाव, त्या शाळेकडून ती खेळणार. पटावरची नावं ठराविक तारखेपर्यंत धरतात. त्या तारखेनंतर काही हलत नाही. त्यामुळे तारखेच्या आधीच्या आठपंधरा दिवसांत क्रीडाशिक्षकांचे फोन तापलेले असतात. ‘तुमची ती उंच पोरगी देता का? आमची एक लेफ्ट आउट घ्या.’ आम्ही याला दाखला हलवणं म्हणायचो. घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बघतात, तसं आम्ही पोरींची जन्मतारीख बघायचो. सगळेच करायचे. चहा प्यायचा, दोन दाखले इकडचे तिकडे व्हायचे. पालकाची सही लागते, ती मिळते. पालकांचा मास्तरांवर विश्वास असतो हो.

पूनम माझी गोलकीपर. नववीत होती. अंगाने आडवी, बोलायला अगदी थोडी. गोलकीपर हे खेळातलं सगळ्यांत वाईट काम आहे. दहा वेळा अडवलं तर कुणी नाव घेत नाही आणि एकदा सुटलं की गावभर होतं. पायाला जाड पॅड, डोक्याला हेल्मेट, आणि आमच्याकडचा तो संच इतका जुना की पॅडचे पट्टे कधीच तुटलेले. पूनम दप्तराचा पट्टा काढून त्याने पॅड बांधायची आणि घरी जाताना पुन्हा दप्तराला लावायची. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. स्वाती नावाची आठवीतली बारकी पोर आमची दुसरी गोलकीपर होती. सराव संपला की पूनम तिला डावीकडे झेप घ्यायला शिकवत बसायची, कारण स्वातीला डावीकडे पडायची भीती वाटायची.

पूनमची आई ती सातवीत असताना वारली. वडील ज्ञानदेव कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे, माणूस मुका म्हणावा इतका गप्प. पूनम नववीत आली त्या उन्हाळ्यात त्यांनी दुसरं लग्न केलं. नवी आई वाईट नव्हती, पण घर नवीन झालं होतं आणि त्यात कुणी कुठे बसायचं हे अजून ठरलं नव्हतं. पूनम सरावाला लवकर यायला लागली, उशिरा जायला लागली. एकदा मी विचारलं, ‘घरी बरं आहे ना गं?’ ती म्हणाली, ‘बरं हाय मॅडम. आण्णा बोलत न्हाईत जास्त.’ तिकडे ज्ञानदेव रस्त्यात भेटले तर तेच. ‘पोरगी गप गप असती. तिला हे लगीन आवडलं नसंल.’ दोघं एकमेकांना घाबरून होते. हे सगळं मला माहीत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मी ती विसरले नव्हते, उलट तिचा वापर केला.

त्या वर्षी यादीची तारीख चार दिवसांवर असताना कुलथे सरांचा फोन आला. ते नगरच्या एका मोठ्या शाळेत क्रीडाशिक्षक. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात बसलेलं नगर निघत नाही. त्यांच्या शाळेला वसतिगृह होतं, हिरवं मैदान होतं, आणि ते दर दोन वर्षांनी राज्य स्पर्धेला जायचे. मी इतक्या वर्षांत एकदाही गेले नव्हते. विभागाच्या स्पर्धेतून परत, दरवेळी. शहराचा संघ वेगळा आणि ग्रामीणचा वेगळा, त्यामुळे आमची त्यांची गाठ पडायची ती विभागालाच, आणि तिथे कुलथे सर मला बघून म्हणायचे, ‘या साळवे बाई, दर्शनाला आलात?’ अस्सा राग यायचा.

फोनवर म्हणाले, ‘बाई, आमची कोमल तुमच्या राहुरीची. वसतिगृहात रडते, घरी जायचं म्हणते. सेंटर फॉरवर्ड आहे, गेल्या वर्षी सगळ्यांत जास्त गोल तिचे. तुम्ही घ्या.’

‘आणि माझी कोण पाहिजे?’

‘तुमची ती पॅड बांधणारी.’

मी हो म्हणायला एक रात्रही घेतली नाही. गोल मारणारी पोरगी मला आयुष्यात मिळाली नव्हती. मनाशी हिशेब केला, चेंडू पुढेच राहिला तर गोलकीपरला काम काय? स्वाती आहे की. माझे वडील म्हणायचे, गोलकीपर म्हणजे घराचं दार, दार विकून झुंबर घेऊ नये. आठवलं होतं मला. झुंबर घ्यायचं होतं मला.

पण पूनम स्वतःहून गेली नसती. आणि ज्ञानदेवांनी तिला स्वतःहून पाठवलं नसतं. दोघांपैकी एकालाही सरळ विचारलं असतं, तर नाही आलं असतं. म्हणून मी विचारलंच नाही.

ज्ञानदेवांना शाळेत बोलावलं. ट्रॅक्टर फाटकाबाहेर चालूच ठेवून ते आले. मी म्हटलं, ‘पूनमला नगरच्या शाळेत जायचंय. वसतिगृह आहे, खेळाला चांगलं आहे. तुम्हाला सांगायला बिचकते आहे, म्हणून मी सांगते.’

त्यांनी विचारलं, ‘तीच म्हनली का असं?’

‘हो.’

‘घरात काय कमी पडलं का मॅडम?’

‘तसं नाही हो. पोरींचं वय असतं. तिला विचारून अवघडून टाकू नका, रडेल.’

हे शेवटचं वाक्य माझ्या सगळ्या पापातलं मोठं. तेवढं बोलून मी त्या दोघांच्या मधलं दार बाहेरून लावून घेतलं. त्यांनी अर्जावर सही केली. सही करताना पेन दोनदा टेकवून पुन्हा उचलला आणि ट्रॅक्टर घेऊन गेले.

आमचे हेडक्लार्क पठारे भाऊसाहेब दाखला लिहायला बसले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, ‘शाळा सोडल्याचे कारण’. त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘बाई, काय टाकू?’

‘नेहमीचंच टाका.’

नेहमीचं म्हणजे ‘पालकांच्या विनंतीवरून’. हजारो दाखल्यांवर हे लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. पूनमने वाचलं. दुपारच्या सुट्टीत ती दाखला हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पट्टा नसलेलं दप्तर काखेत धरलेलं होतं.

‘मॅडम, आण्णांनी मागितला दाखला?’

मी तोंडाने हो म्हटलं नाही. मान हलवली. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला समजावत होते की मी खोटं बोलले नाही.

‘मला काय बोलले न्हाईत,’ ती म्हणाली. मग, ‘नवी आई आली म्हनून व्हय?’

मी म्हटलं, ‘तुझ्या भल्याचंच असेल. त्यांना विचारू नको, त्यांनाही त्रास होतो.’ म्हणजे कुलूप आतूनही लावलं.

दोन दिवसांनी तिला बसस्टँडवर सोडायला मी गेले. ज्ञानदेव आले नाहीत, त्यांना वाटलं आपण आलो तर पोरीला अवघड होईल. मला भरून आलं होतं, खरंच आलं होतं, ढोंग नव्हतं ते. मी माझी स्वतःची स्टिक तिला दिली. ती वाकून पाया पडली. यादीच्या तारखेला संगणकावर अठरा नावं भरली, पहिलं नाव कोमल. संध्याकाळी पाचला ते सगळं बंद झालं.

आता विभागाच्या स्पर्धेचं सांगते, म्हणजे एकदाचं संपेल. पहिल्याच सामन्यात आम्ही हरलो. कोमलने एक गोल मारला, फार सुंदर मारला. समोरच्यांनी चार मारले. चारही स्वातीच्या डावीकडून. पोर दर वेळी उजव्या बाजूला चिकटून उभी. डावीकडचा धडा अर्धाच राहिला होता, शिकवणारी मी विकून टाकली होती.

मी बाकावर बसून स्टिका बांधत होते. पूनम आली. अंगात कुलथे सरांच्या शाळेची निळी जर्सी, पायाला नवे कोरे पॅड, पट्ट्यांसकट. तिने आमचा सामना बघितला होता. मला वाटलं, आता काही बोलेल. ती म्हणाली, ‘सॉरी मॅडम. आण्णांनी आसं केलं नसतं तर तुमी हारल्या नसत्या.’

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, ‘जाऊ दे गं. होतं असं.’

होय. मी तिची माफी स्वीकारली. दाखला हलवल्याची मला लाज वाटते ती वाटतेच, पण त्या हात फिरवण्याची आजही इतकी वाटते की लिहिताना हा कागद दोनदा बाजूला ठेवला. कुलथे सरांचा संघ त्या वर्षी राज्याला गेला.

आम्ही चर्चला जाणारी माणसं. दर रविवारी सगळे मिळून पापांगीकार म्हणतो, आम्ही विचाराने, उच्चाराने, आचाराने पाप केले आहे, असं. सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळतो आणि घरी येऊन निवांत जेवता येतं. त्यात कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. मी वर्षानुवर्षं ते मोठ्याने म्हणत आले.

पूनम राज्य पातळीवर खेळली, पुढे खेळाडूंच्या जागेतून पोलिसात भरती झाली. गावात लोक म्हणायचे, ‘साळवे बाईंनी पोरीचं सोनं केलं.’ मी नको नको म्हणत हसायचे. कुणी म्हणेल, झालं ते बरंच झालं की. असं म्हणणाऱ्याला मी आता हात जोडते. ती चांगली होती म्हणून वर गेली. मी तिला वर पाठवलंच नव्हतं. मी तिला देऊन टाकलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. शाळेने निरोप समारंभ ठेवला, जुन्या मुली जमल्या. पूनम गणवेशात आली, आल्या आल्या पाया पडली. मी विचारलं, ‘घरी जाऊन आलीस?’ घर तिथून हाकेच्या अंतरावर.

‘न्हाई मॅडम. पाचची बस आहे. इथूनच जाईन.’

‘अगं, अण्णांना भेट की.’

‘सणाला जाते ना,’ ती म्हणाली. ‘दोन दिवस. त्यांना तेवढंच झेपतं.’

मग भाषणं झाली. तिला माइक दिला. ती म्हणाली, ‘मला घरच्यांनी शाळेतून काढलं तेव्हा वाटलं, आपलं कुणीच नाही. बसस्टँडवर सोडायला एकच माणूस आलं, ते म्हणजे मॅडम. त्यांनी दिलेली स्टिक अजून माझ्या खोलीत आहे.’ टाळ्या वाजल्या. आणि त्या टाळ्यांत मला शेवटच्या रांगेमागे, रचून ठेवलेल्या खुर्च्यांना टेकून उभे असलेले ज्ञानदेव दिसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पोरगी येणार हे ऐकून आले होते, टोपी हातात घेऊन.

त्यानंतर माइक माझ्या हातात आला. खांद्यावर शाल, दुसऱ्या हातात नारळ. सगळे समोर होते, बाप, लेक, पठारे भाऊसाहेब, सगळा गाव. चार वाक्यं पुरली असती. मी म्हणाले, ‘शिक्षकाला आणखी काय हवं? मी कृतार्थ आहे.’ आणि खाली बसले.

जेवणं झाल्यावर हात धुवायच्या नळापाशी ज्ञानदेव आले. नमस्कार केला. म्हणाले, ‘मॅडम, येक इचारू का? पोरगी म्हनली, घरच्यांनी काढलं. मी कवा काढलं? तुमीच म्हनल्या हुत्या ना, तिला जायचंय म्हनून?’

माझ्या हाताला साबण तसाच होता. मी सांगितलं. सगळं, कुलथे सरांच्या फोनपासून. नळ वाहत होता, त्यांनी तो बंद केला.

‘म्हंजी तिला जायचं नव्हतं?’

‘नव्हतं.’

‘आन तिला वाटतंय, मी हाकललं.’

‘हो.’

ते बराच वेळ टोपीची घडी घालत आणि उलगडत राहिले. ‘मला लई डाचायचं मॅडम. वाटायचं, नवी बाई घरात आनली म्हून पोरगी आपल्याला तोडून गेली. सनाला यायची, पाव्हन्यावानी बसायची. मी बी म्हनायचो, ऱ्हा म्हनून आग्रह करू नये, तिच्या मनात न्हाई.’ मग एकदम म्हणाले, ‘तिला सांगा.’

‘तुम्ही सांगा ज्ञानदेव, मला—’

‘न्हाई. म्या सांगितलं तर माजी बाजू मांडल्यावानी हुईल. तुमी बोलल्या हुत्या, तुमीच सांगा.’ आवाज वाढला नाही त्यांचा. वाढला असता तर बरं झालं असतं.

पूनम फाटकाशी बसची वेळ बघत उभी होती. मी तिला सांगितलं. ती पोलीस आहे, मध्ये बोलत नाही, पूर्ण ऐकून घेते. ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘कोमलसाठी?’

‘हो.’

‘विभागाला मी तुमची माफी मागितली होती.’

‘हो गं.’

‘तुम्ही डोक्यावरून हात फिरवला होता.’

मी रडायला लागले, तर ती म्हणाली, ‘आता रडू नका मॅडम. आत्ता तासाभरापूर्वी माइक तुमच्या हातात होता. आण्णा समोर होते.’

मी विचारलं, ‘मी काय करू, सांग.’

तिने मोबाईल काढला. त्यात त्या दाखल्याचा फोटो होता. बोटांनी मोठा करून तिने तो रकाना माझ्यासमोर धरला. ‘हे दुरुस्त करा.’

‘दाखल्यात आता फेरफार होत नाही, बाळा. खालीच छापलेलं असतं.’

‘मग जिथं होत असंल तिथं करा. चार लोक वाचतील असं.’

एवढं बोलून ती वळली. जाताना पाया पडली नाही. ज्ञानदेव मोटरसायकलशी उभे होते, तिच्याकडे न बघता किल्लीशी खेळत. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, फार बोलले असतील असंही वाटत नाही. तिने त्यांच्या हातातून किल्ली घेतली, ते मागे बसले. पाचची बस आली, फाटकासमोर थांबली आणि तिला न घेता गेली.

त्यानंतर तिचा फोन नाही. माझी स्टिक तिने अजून परत पाठवलेली नाही. दारात पार्सलवाला आला की मी आधी पार्सलची लांबी बघते. ज्ञानदेव मात्र परवा बाजारात दिसले. लांबूनच हात करून जवळ आले. पिशवीत वांगी होती, म्हणाले, ‘पोरगी आलीय. चार दिस झाले.’

संपादकांना विजयाच्या आठवणी हव्या होत्या. ते नाराज होतील, पण त्यांचा अंक आमच्या तालुक्यात घरोघरी जातो, म्हणून मी हे इथे लिहिते आहे. पठारे भाऊसाहेब, तुम्हीही वाचा. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, ‘बाई, काय टाकू?’ तेव्हा सांगायला हवं होतं ते आता सांगते.

विद्यार्थिनीचे नाव : पूनम ज्ञानदेव. इयत्ता : नववी. वर्तणूक : उत्तम. शाळा सोडल्याचे कारण : साळवे बाईंना सेंटर फॉरवर्ड पाहिजे होती.